टोपलीभर मगरी

"हे घे... अन् कोणाले सांगू नोको!"

एवढंच बोलून त्यानं डोक्यावरची टोपली माझ्या पायाशी ठेवली. मी टरबुजाच्या वेलांत वाकलेली होते. मान वर केली तर समोर एक तरुण उभा! मांड्यांपर्यंत भिजलेला, धोतर वर खोचलेलं, छाती धपापते आहे... आणि कोण, तर पल्याडच्या काठचा!

मे महिन्यातली टळटळीत दुपार होती. वैनगंगेची रेती अशी तापली होती की अनवाणी पाय टेकवत नव्हता. आम्ही ढिवर, मासे धरणारे लोक, दर उन्हाळ्यात नदीच्या पात्रात टरबुजांच्या वाड्या लावतो. अल्याड आमचं गाव, पल्याड त्यांचं, आणि मधे रेतीचं एक बेट. त्या बेटावर वाडी कोणी लावायची यावरून दोन्ही गावांत असं हाडवैर की, पल्याडचा माणूस तहानेनं मरत असला तरी त्याला आपल्या काठचं पाणी द्यायचं नाही, असा माझ्या बाचा दंडकच होता. आता नदी का कुणाच्या बापाची असते? पण हे बाला विचारायची सोय नव्हती.

"काय हाय यात?" मी कमरेवर हात ठेवून विचारलं.

"लेकरं."

"लेकरं? कोणाची?"

"कोणाचीच नाई आता. अनाथ हायत बिचारे."

टोपलीवर फाटक्या धोतराचा तुकडा टाकलेला होता. आतून बारीक आवाज येत होते — ॲंक... ॲंक... ॲंक. बदकाची पिल्लं असतील म्हणून मी कापड उचललं. वीतवीतभर लांबीची, पिवळ्या डोळ्यांची, करवतीसारख्या शेपट्यांची एकोणीस पिल्लं एकमेकांवर चढत होती. त्यातल्या एकानं आ वासून माझं बोट धरलं. मी किंचाळून मागं पडले ती नेमकी एका टरबुजावर, आणि बाचं सगळ्यात मोठं टरबूज माझ्याखाली फुटलं.

"माय वं! मगरी हायत ह्या!"

"हळू बोल ना! मगरी नाई, मगरीची पिल्लं."

"मोठी झाली म्हंजे काय हत्ती होतीन?"

त्याला हसू आलं. पण ते ओठांवर टिकलं नाही. तो टोपलीजवळ उकिडवा बसला आणि त्यानं सांगितलं ते ऐकून मी फुटलेलं टरबूजही विसरले. थोड्या वेळापूर्वी तो बेटाच्या टोकाला जाळं पाहायला गेला होता. तिथं मगरीनं पुढच्या पायांनी रेती उकरली, आतून पिल्लं बाहेर आली, आणि तिनं ती एकेक करून तोंडात घेतली.

"आपल्या पोटची लेकरं खाल्ली तिनं," तो म्हणाला. "माह्या डोळ्यानं पाह्यलं. सात-आठ तरी गिळली असतीन. मंग पाण्यात शिरली... तवा मी धावत गेलो अन् उरलेली उचलून आणली."

"मेला असतास की रे!"

"हो ना," तो म्हणाला, जणू ते त्याला आत्ताच सुचलं होतं. "पण मंग काय करतो? पाहात राहतो काय?"

मी त्याच्याकडे पाहतच राहिले. असला वेडा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता.

"तुमच्या काठी काऊन नाई ठेवली?"

"आमचे लोक ठेचून मारतीन. तुमच्या झोपडीमागं मोठा रांजण हाय. सावलीबी हाय तिथी."

"तुले कसं माहीत?"

त्यानं पायाच्या अंगठ्यानं रेती उकरायला सुरुवात केली. "दिसते ना... आमच्या मचाणावरून."

"एवढ्या दुरून रांजण दिसते?"

"रांजणबी दिसते," तो खाली पाहत म्हणाला.

उन्हानं माझे कान आधीच तापलेले होते. आता ते आणखी तापले. मी टोपली उचलली आणि झोपडीमागं गेले, कारण तिथं उभी राहिले असते तर काय बोलले असते, माझं मलाच ठाऊक नव्हतं.

जाताना तो म्हणाला, "मी दसरू. तू मनकर्णा. नाव सांगू नोको, तुहा बा दिवसातून वीस खेपा हाका मारते. आमच्या काठच्या म्हशीलेबी पाठ झालं असंन."

सांजेला तो परत आला. वरच्या अंगाला नदी खडकांवरून वाहते, तिथून लपतछपत आला. हातात लोटा, लोट्यात शेळीचं ताजं दूध आणि कापसाची वात. लेकरू म्हटलं की दूध, एवढंच आम्हा दोघांना ठाऊक. आम्ही रांजणाच्या दोन बाजूंना बसलो आणि वात दुधात बुडवून एकेका पिल्लाच्या तोंडात पिळू लागलो. पिल्लं तोंड मिटायची, दूध बाहेर सांडायचं, आणि आम्ही पुन्हा पिळायचो.

"अशी नाई वं, हळू," तो म्हणाला. वात धरलेला माझा हात त्यानं जरासा वळवला... आणि मग सोडायचा विसरला.

"मी काय पिल्लू हाय?" मी म्हणाले.

त्यानं चटका बसावा तसा हात मागं घेतला. मला इतकं हसू आलं की झोपडीतून बानं विचारलं, "कोणासंगं हासून राह्यली वं?" मी म्हणाले, "शेळीसंगं." पल्याडचा शेळीपुत्र तोंड दाबून खडकांकडे पळाला.

पण दुसऱ्या दिवशी हसू पळालं. सकाळीच नदीवर असा आवाज झाला की मला वाटलं, दरड कोसळली. बा टरबुजं तोडत होता. पाहतो तर मगर पाण्याबाहेर! चांगली दोन माणसांएवढी लांब. ती वेल तुडवत सरळ झोपडीकडे निघाली. बानं विळा टाकला, पागोटं टाकलं आणि काठावरच्या जांभळीवर चढला. साठीचा माणूस झाडावर चढलेला मी पहिल्यांदाच पाहिला. बाया हंडे टाकून पळाल्या. मगर झोपडीच्या अलीकडे थांबली, जबडा उघडून घशातून घरघरली, आणि बऱ्याच वेळानं परत पाण्यात गेली. गेली ती आमच्या पाणवठ्यातच पडून राहिली. दिवसभर कोणाला हंडाभर पाणी नेता आलं नाही.

दुपारी बा गुणवंतरावांकडे गेला. मालगुजारी जाऊन चार-पाच वर्षं झाली होती, तरी लोक त्यांना मालगुजारच म्हणत, आणि त्यांची दुनाळी बंदूक अजून भिंतीवर तेल पिऊन तयार होती. उद्या सकाळी येतो, असा त्यांनी निरोप दिला.

"उद्या मारतीन तिले," मी दसरूला सांगितलं. तो तशातही आला होता!

"मरू दे." त्याचा आवाज कोरडा होता. "आपलीच लेकरं खाणारी माय... जगून काय करते?"

हे बोलणं मगरीपुरतं नव्हतं, एवढं मला कळलं. मी काही विचारलं नाही. पण गप्प बसलेल्या बाईपुढे माणूस आपणहून बोलतो, हे माझी माय सांगायची. तो बोलला. तो सहा वर्षांचा असताना बाप वारला. वर्षभरात मायनं पाट लावला आणि ती तिकडे भामरागडच्या रानात नांदायला गेली. याला काकाच्या दारात उभं करून.

"वळूनबी नाई पाह्यलं तिनं," तो म्हणाला.

मी एक टरबूज फोडलं आणि अर्धं त्याच्यापुढे ठेवलं. बाच्या वाडीचं टरबूज पल्याडच्या माणसाला! त्यानं खाल्लं, आणि खाताना त्याचे डोळे भरले होते ते मी पाहिले नाहीत असं दाखवलं.

मग आम्ही रांजणात डोकावलो. दोन पिल्लं उताणी पडली होती. पोटं टम्म फुगलेली.

दसरूनं ती उचलून तळहातावर घेतली. बोटानं हलवली. फुंकर घातली. "दूध तं ताजंच होतं," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "मनकर्णा, दूध तं ताजंच होतं ना..."

आम्ही त्यांना वाचवत होतो की मारत होतो? राहिलेली सतरा मात्र ओरडतच होती — ॲंक, ॲंक — आणि पाणवठ्यात ती काळी पाठ तसूभरही हलत नव्हती.

तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता दसरू आमच्या मचाणावर, माझ्याशेजारी हजर. बा गुणवंतरावांना आणायला गेला होता. समोर बेट, आणि बेटावरच्या खड्ड्यातून तोच आवाज येत होता. तळाशी काही अंडी उरली होती बहुतेक, ती आज फुटत होती. पाणवठ्यातली काळी पाठ हलली. मगर सरसर पाणी कापत बेटावर गेली आणि रेती उकरू लागली.

"पाहू नोको," दसरू म्हणाला, आणि त्यानं स्वतःचेच डोळे झाकून घेतले.

पण मला वाईट खोड आहे — काहीही असो, मी पुरतं पाहते. मगरीनं एक अंडं जबड्यात धरलं. आता कचकन चावणार म्हणून मी दात आवळले. तिनं चावलं नाही. तिनं ते दातांत हळूहळू फिरवलं, माझी माय भाकरी परतायची तितक्या हलक्या हातानं. कवच तडकलं. पिल्लू बाहेर आलं, तिच्या जबड्यातच आलं, आणि दातांच्या फटीतून त्याची शेपटी वळवळताना मला दिसली. मग तिनं दुसरं उचललं. दोन्ही तोंडात घेऊन ती उथळ पाण्यात गेली, जबडा उघडला, मान जराशी हलवली...

पिल्लं पोहत बाहेर आली.

जिवंत! आणि तिथंच, दगडाच्या आडोशाला, आणखी सात-आठ पिल्लं उन्हात पहुडली होती. परवाची "खाल्लेली". एक तर तिच्या नाकावर चढून बसलं.

मी दसरूचे हात ओढून त्याच्या डोळ्यांवरून काढले. "उघड... उघड डोळे, दसरू! ती खात नाई... तोंडात धरून पाण्यात नेऊन राह्यली त्याईले!"

तो पाहत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरत गेलेलं मला दिसलं.

"म्हंजे..." तो म्हणाला, "म्या चोरले? तिचे लेकरं... म्या?"

"हो," मी म्हणाले. गूळ लावून बोलायचा माझा स्वभाव नाही. "अन् मी लपवले. ती आमच्या झोपडीकडे कायले येत होती? टरबूज खायाले? तिची लेकरं माह्या रांजणात कोकलून राह्यली होती!"

त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "अन् मी म्हणलो, मरू दे तिले..."

तेवढ्यात काठावरच्या वाटेनं माणसं येताना दिसली. पुढं बा, मागं घोड्यावर गुणवंतराव, खांद्यावर दुनाळी, आणि त्यांच्यामागं बांबू-काठ्या घेतलेलं अर्धं गाव.

दसरूनं मचाणावरून उडीच टाकली. रांजणातली पिल्लं टोपलीत घातली, टोपली छातीशी धरली आणि निघाला पाण्याकडे.

"कुठी चालला?"

"परत देतो. चूक माही हाय, मी एकटा जातो."

"कंबरभर पाण्यातून? तिच्या तोंडात? बावळट कुठला! डोंगा कोण हाकंल, तुहा काका?"

"मनकर्णा, तुले काही झालं तं..." तो थांबला. "तं मी..."

"तं तू काय?"

"...आता नाई सांगत. हात कापतीन माहे."

मी डोंगा पाण्यात लोटला. झाडाचं एक खोड कोरलेला आमचा डोंगा, दोन माणसांत काठोकाठ बुडतो. दसरू पुढं बसला, मांडीवर टोपली. मी मागं उभी राहून बांबू रेटू लागले. पिल्लं जोरात ओरडू लागली. समोरच्या पाण्यावर एक रेघ उठली आणि सरळ आमच्याकडे येऊ लागली. मग रेघ नाहीशी झाली. ते जास्त वाईट होतं.

आणि एकदम डोंग्यापासून दोन हातांवर तिचं डोकं वर आलं. चिखलाचा उग्र वास. हिरवट डोळा, त्यात उभी काळी चीर. मी बांबू धरला होता की बांबूनं मला, सांगता येत नाही.

दसरूनं टोपली आडवी करून पाण्यात धरली. कोपरापर्यंत हात पाण्यात, त्या जबड्यापुढे. परवा माझ्या हाताला लागून दचकलेला तो हात आता जरासुद्धा कापत नव्हता. "घे," तो हळूच म्हणाला, "घे माय, तुहे लेकरं." एकेक पिल्लू घसरून पाण्यात गेलं. शेवटच्यानं त्याच्या बाहीचं टोक धरलं होतं, ते त्यानं दोन बोटांनी सोडवलं. मगरीनं जबडा उघडला, आणि ती सगळी ओरडत तिच्या तोंडावर, डोक्यावर, पाठीवर चढली.

त्याच क्षणी मला कळलं की हा माणूस मला हवा आहे. इतकं स्वच्छ कळलं की मीच हादरले.

"बाजूले सर, पोरी!"

काठावर गुणवंतरावांनी नेम धरला होता. मी बांबू रेटून डोंगा आडवा केला आणि मगर आणि बंदूक यांच्यामधे उभी राहिले. मी काठाकडे ओरडले. "बा! बंदूक खाली कराले सांग! ती लेकरं न्यायाले आली होती! आपणच तिची लेकरं आणली होती!"

"मरशील वं, येडे!" बा ओरडला.

गुणवंतराव नळीवरून पाहत होते. त्यांनी मगरीच्या डोक्यावर बसलेली पिल्लं पाहिली. मग हळूहळू नळी खाली आली. "तीस वर्षं शिकार केली मी," ते म्हणाले, "अन् हे... हे मले माहीतच नव्हतं." ते घोड्यावरून उतरले आणि गुपचूप रेतीत बसले.

मगर पाठीवर लेकरं घेऊन बेटाकडे गेली. आम्ही काठाशी आलो. आता खरी मगर काठावर होती. कालपासून पाण्यावाचून राहिलेले लोक बांबू घेऊन पुढं सरसावले होते.

"हे तं पल्याडचं पोट्टं!" कोणीतरी ओळखलं.

दसरू डोंग्यात उभा राहिला. त्यानं हात जोडले. "चूक माही हाय, भाऊ. पिल्लं म्या उचलली. ती खाऊन राह्यली असं वाटलं मले. माराचं तं मले मारा. या पोरीचा काही दोष नाई, हिले मी ओळखतबी नाई!"

बांबू वर उचलले गेले. खोटं बोलून मला वाचवतोय! मला इतका राग आला की आजूबाजूला सगळं गाव आहे, याचं भान उरलं नाही.

"ओळखत नाई?" मी ओरडले. "रांजण माहा होता. डोंगा माहा हाय. अन् बा, हा माणूसबी माहाच हाय!"

बाचं तोंड उघडं ते उघडंच. पण सगळ्यात मोठा धक्का बसला तो दसरूला. मगरीपुढे न हललेला तो गडी माझ्याकडे वळला, "काय... काय म्हणली?" म्हणाला आणि एक पाऊल मागं सरकला. डोंगा काही मागं सरकायची जागा नव्हे. धप्पकन आवाज झाला आणि गडी पाण्यात!

"मगर! मगर!" सगळा काठ किंचाळला. बांबूवाले चार पावलं मागं हटले. एकटा बा पुढं धावला. पल्याडच्याला पाणी न देणारा माझा बा कंबरभर पाण्यात शिरला, त्यानं दसरूचं मनगट पकडलं आणि त्याला ओढून रेतीवर आणलं. दोघं निथळत, धापा टाकत एकमेकांकडे पाहत राहिले. मगर कधीची बेटापलीकडे गेली होती.

"पोहता येत नाई काय तुले?" बानं विचारलं.

"येते, भाऊ. पण हिनं एकदम असं म्हणलं..."

गुणवंतराव मोठ्यानं हसले. बा नाही हसला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली घेतली नाही, जरी गालांना आग लागली होती.

"अन् तुहं काय म्हणणं हाय?" बानं त्याला दरडावून विचारलं.

दसरूनं माझ्याकडे पाहिलं. पाणी त्याच्या पापण्यांवरून ओघळत होतं. "माहं..." तो म्हणाला, "माहंबी तेच, भाऊ. पण मले एवढ्या जोरात म्हणता आलं नसतं."

बा झोपडीकडे वळला.

"पोरगी द्यायची का नाई, ते मंग पाहू. आंदी चल, कोरडं धोतर नेस. माहं देतो."

आणि झोपडीत शिरेपर्यंत बानं त्याचं मनगट सोडलं नाही.